किड्याला माप

कापसाच्या हंगामात पुसदला खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागते, तेव्हा भावापेक्षा जास्त वाद होतो तो ओलाव्यावर. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, नियमाप्रमाणे ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. एका वर्षी ओळखीच्या एका शेतकऱ्याबरोबर मी दिवसभर गाडीपाशी होतो. सकाळी एका खरेदीदाराच्या मीटरनं ११ दाखवले, दुपारी दुसऱ्या ठिकाणच्या मीटरनं ९. गाडी तीच, कापूस तोच, ऊन तेवढं थोडं चढलेलं. त्यानं मला विचारलं, "सर, मीटर बरोबर हाय, हे कोन सांगन?"

उत्तर मला ठाऊक होतं. ज्या कापसाचा ओलावा आधीच नक्की माहीत आहे, असा मूठभर कापूस त्या मीटरमध्ये घालायचा आणि काटा त्या आकड्यावर येतो का ते बघायचं. पण असा कापूस त्या आवारात कुणाकडेच नव्हता. दोन्ही मीटर आपापल्या जागी ठाम होते आणि त्या दोहोंच्या मधल्या दोन टक्क्यांचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून गेले.

असा 'आधीच नक्की माहीत असलेला' पदार्थ म्हणजे निर्देशक द्रव्य. हे पुस्तक त्याबद्दलच आहे, फक्त इथे कापसाच्या जागी किडा आहे: खाण्याचा किडा. मुंगी, रेशमाच्या कोषातला किडा, नाकतोडा, अळी. त्यांचं पीठ करून त्यात प्रथिन किती, लोह किती, शिसं किती, फवारणीचं औषध किती, हे मोजायचं आणि ते माप पुसदला, नागपूरला आणि परदेशातही एकच यावं म्हणून त्या पिठाचीच एक खात्रीची बाटली तयार करायची. विषय ऐकून काहींच्या अंगावर काटा येईल. त्यांना एवढीच विनंती की दोन-चार पानं थांबावं. किडा खावा की न खावा, हे पुस्तक सांगत नाही. जे खातात, आणि ज्यांच्या ताटात तो उद्या न सांगता येणार आहे, त्यांना खरा आकडा मिळावा, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे.

वाण्याच्या दुकानातल्या किलोच्या वजनाला वंशावळ असते. वैधमापनशास्त्र विभागाचा अधिकारी त्यावर शिक्का मारतो. त्याच्याजवळचं वजन वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी ताडलेलं असतं. ते पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनपीएलमधल्या, ५७ क्रमांकाच्या प्लॅटिनम-इरिडियमच्या किलोशी जोडलेलं असतं आणि तो किलो पॅरिसजवळच्या मूळ किलोशी. २० मे २०१९ पासून त्या मूळ धातूच्या ठोकळ्याची जागा प्लँकच्या स्थिरांकानं घेतली, पण साखळी तशीच राहिली. पुसदच्या आठवडी बाजारात एक किलो तूर घेणाऱ्या बाईला यातलं काही माहीत नसतं. माहीत असण्याची गरजही नसते, कारण साखळी तिच्या वतीनं काम करते.

रसायनाच्या मापाला अशी साखळी लावणं फार कठीण, कारण मोजायची वस्तू एकटी येत नाही. पाण्यात विरघळवलेलं कॅडमियम मोजणं सोपं. तेच कॅडमियम अळीच्या पिठात असेल तर सोबत चरबी येते, प्रथिन येतं, कवचातलं कायटिन येतं, आतड्यातली माती येते. यातला प्रत्येक घटक यंत्राच्या संकेतात ढवळाढवळ करतो. या सगळ्या सोबत्यांना प्रयोगशाळेत 'मॅट्रिक्स' म्हणतात. पाण्यातल्या कॅडमियमवर तपासलेलं यंत्र अळीच्या पिठाशी खरं बोलेलच असं नाही. दुधाची तपासणी दुधाच्या भुकटीवर पारखावी लागते, भाताची भाताच्या पिठावर. तशी किड्याची किड्यावर.

ही जाणीव फार जुनी नाही. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधले रसायनज्ञ हम्फ्री बोवेन यांनी केल नावाच्या पालेभाजीची पानं वाळवून दळली आणि ते पीठ अनेक प्रयोगशाळांना वाटलं. सगळ्यांनी एकाच पिठातली मूलद्रव्यं मोजायची होती. आकडे परस्परांशी जुळेनात. चांगल्या नावाच्या प्रयोगशाळा, चांगली माणसं, आणि तरीही तफावत. 'बोवेनची केल' या नावानं ते पीठ पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळांतून फिरत राहिलं. जैविक पदार्थांच्या निर्देशक द्रव्यांची सुरुवात त्याच्यापासून धरतात. १९७१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं फळबागेतल्या पानांचं प्रमाणित पीठ काढलं. त्यानंतर गायीचं यकृत, सफरचंदाची पानं, तांदळाचं पीठ, दुधाची भुकटी असं एकेक येत गेलं. किडा मात्र त्या फडताळात यायला अर्धं शतक लागलं.

आपल्या भागात तर किडा मोजला गेला तो फक्त वैरी म्हणून. पुसदचा शेतकरी अळीचं नाव काढलं की बोंडअळीच समजतो. २००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा वाटलं होतं की ती पीडा संपली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं तो समज मोडला. मे २०२० मध्ये विदर्भाच्या आकाशात टोळधाड उतरली. अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत लोकांनी थाळ्या वाजवल्या, रात्री झाडांवर औषध फवारलं. धान्याच्या कोठारातही तेच: तांदळात सोंडे, तुरीत भुंगे. अन्नसुरक्षेच्या आपल्या नियमांत किड्याचा रासायनिक पुरावा कसा शोधायचा तेही ठरलेलं आहे. धान्यात युरिक आम्ल किलोमागे १०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त निघालं की ते किडकं धरायचं, कारण युरिक आम्ल किड्याच्या विष्ठेतून येतं. म्हणजे आपला कायदा किड्याला अन्नात ओळखतो, पण घाण म्हणून. तोच किडा अन्न म्हणून समोर आला तर त्याला कोणत्या मापानं मोजायचं, याला कायद्याच्या पानावर जागा नाही.

आणि तो अन्न म्हणून समोर आलेला आहे, फार पूर्वीपासून. याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या भामरागड भागात आणि लगतच्या बस्तरमध्ये, माडिया आणि गोंड लोक झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची चटणी खातात. पानांचं घरटं उतरवायचं, मुंग्या आणि अंडी झटकून घ्यायची, मिरची-मीठ घालून पाट्यावर वाटायची. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात. मुंगीतल्या फॉर्मिक आम्लामुळे ती आंबट लागते, तिथे लिंबाची वा चिंचेची गरज नाही. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच 'काई' चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आसामात एरी रेशमाच्या कोषातला किडा पक्वान्न म्हणून खातात. कोरियात रेशमाचे वाफवलेले किडे रस्त्यावर विकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०१३ मध्ये खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला. त्यात १९०० हून जास्त खाद्य जाती आणि सुमारे २ अब्ज खाणारी माणसं असा अंदाज दिला होता. आपण स्वतःला या दोन अब्जांच्या बाहेर समजतो, पण मध मधमाशीच्या पोटातून आलेला असतो आणि औषधाच्या गोळीवरचा चकचकीत थर बऱ्याचदा लाखेचा असतो. लाख हा किड्याचाच स्राव.

मानांकन मिळालं, अहवाल आले, पण त्या चटणीत किती प्रथिन, किती जस्त, किती शिसं, याचा भरवशाचा आकडा हवा असेल तर काय? एखादा संशोधक मोजतो आणि छापतो, दुसरा मोजतो आणि वेगळाच छापतो. फरक मुंगीत होता की मोजणीत, हे कुणालाच सांगता येत नाही. मला ही जागा सगळ्यात जास्त टोचते. गरिबाच्या अन्नाबद्दल आपल्याकडे मत फार आहे आणि माप फार थोडं. विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीचं उदाहरण जुन्या वाचकांना आठवेल. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तिच्यातल्या विषारी घटकाचं प्रमाण किती, किती खाल्लं तर पाय जातात, कोणत्या वाणात ते कमी आहे, यावर पुढे दशकानुदशकं भांडण चाललं. ती डाळ कुणाच्या घरात शिजत होती, हे आठवलं की भांडणाचं वजन कळतं.

युरोपनं हा प्रश्न दुसऱ्या दारानं गाठला. तिथल्या नव्या अन्नविषयक नियमांखाली जानेवारी २०२१ मध्ये पिवळ्या पिठअळीबद्दल सुरक्षिततेचा अनुकूल अभिप्राय आला, त्याच वर्षी ती विकायला परवानगी मिळाली. मग टोळ, झुरळाचा चुलतभाऊ शोभेल असा घरगुती रातकिडा, अशी रांग लागली. जुलै २०२४ मध्ये सिंगापूरनं एकदम १६ जातींना परवानगी दिली. परवानगी म्हणजे वेष्टनावर आकडे आले: प्रथिन इतकं, चरबी इतकी, कॅडमियम इतक्याच्या आत. आकडा छापला की तो तपासणारा हवा आणि तपासणाऱ्याला पारखणारा पदार्थ हवा. ते काम कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं हाती घेतलं. धातुविश्लेषणाच्या निर्देशक द्रव्यांसाठी ही संस्था आधीपासून नावाजलेली, तिच्या समुद्री मासळीच्या आणि शिंपल्यांच्या बाटल्या जगभर वापरात आहेत. तिनं तीन पिठं प्रमाणित केली: रातकिड्याचं क्रिक-१, पिवळ्या पिठअळीचं व्हॉर्म-१ आणि काळ्या सैनिक माशीच्या अळीचं बीफ्लाय-१. यातली शेवटची अळी माणसाच्या ताटापेक्षा कोंबडीच्या आणि माशाच्या खाद्यात जास्त जाते. ओल्या कचऱ्यावर ती झपाट्यानं वाढते, म्हणून आपल्याकडेही तिच्या शेतीची चर्चा आहे.

आता प्रथिनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण फसगत तिथे सगळ्यात सोपी आहे.

१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत दिली. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करून ऊर्ध्वपातनानं बाहेर काढायचा आणि मोजायचा. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून आकड्याला ६.२५ नं गुणायचं, झालं प्रथिन. आजही महाविद्यालयात विद्यार्थी हाच प्रयोग करतात. मी शिकवत असताना एकाच पोत्यातली तुरीची डाळ तीन गटांना दिली होती. आकडे आले १९, २२ आणि २६. एका गटाच्या जोडणीतून अमोनिया निसटत होता, दुसऱ्याचं आम्ल प्रमाणित केलेलं नव्हतं. मधला आकडा पुस्तकाशी जुळला म्हणून मुलांनी तो खरा मानला. मी विचारलं, पुस्तकातली डाळ आणि ही डाळ एकच कशावरून? वर्ग गप्प झाला. प्रमाणित डाळीची एक बाटली असती तर पंधरा मिनिटांत निकाल लागला असता.

डाळीत एवढी गडबड, तर किड्यात काय होईल? किड्याचं कवच कायटिनचं. कायटिनमध्ये सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नाही, आपल्या पोटात त्याचं फारसं काही होत नाही. शिवाय किड्याच्या अंगात युरिक आम्ल साठलेलं असतं, त्यात तर वजनाच्या एक तृतीयांश नायट्रोजन. केल्डालची पद्धत या सगळ्यांना एकाच पंगतीला बसवते. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तीन प्रकारच्या अळ्या तपासून दाखवलं की संपूर्ण अळीसाठी ६.२५ ऐवजी ४.७६ हा गुणक सत्याच्या जास्त जवळ आहे. हिशेब करून बघा: पिठात १० टक्के नायट्रोजन असेल तर जुन्या गुणकानं प्रथिन ६२.५ टक्के, नव्यानं ४७.६. एकाच पिशवीत पंधरा टक्क्यांचा फरक, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही. जिथे खोटं बोलायचं असतं तिथे तर विचारायलाच नको. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. त्यात दोन तृतीयांश नायट्रोजन असल्यामुळे पातळ केलेलं दूधही चाचणीत प्रथिनयुक्त ठरत होतं. हजारो बाळांच्या मूत्रपिंडांनी त्याची किंमत मोजली. कुपोषणाच्या योजनांत उद्या कुणी कीटकांच्या पिठाची खिचडी सुचवली, आणि सुचवणारे येतील, तेव्हा मेळघाटातल्या किंवा आमच्या भागातल्या कोलाम पाड्यावरच्या मुलाला पोटात नक्की किती प्रथिन मिळणार, हे या पंधरा टक्क्यांवर ठरेल.

बाटली तयार कशी होते, त्याची प्रक्रिया पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीनं आहे. इथे तिची चव देतो. घरात शेंगदाणे मिक्सरमध्ये जास्त फिरवले की तेल सुटतं आणि भुकटीचा गोळा होतो. अळीचं तेच होतं, कारण ती चरबीनं भरलेली. म्हणून आधी ती गोठवून निर्वातात वाळवतात, मग द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठिसूळ करून दळतात. तरी पाय, पंख आणि कवच अंगापेक्षा कडक राहतात, वेगळ्या वेगानं फुटतात आणि बाटलीत खाली-वर बसतात. शेवयांच्या डब्यात चुरा तळाशी जातो तसं. पहिल्या बाटलीतल्या चमचाभर पिठात आणि शेवटच्या बाटलीतल्या चमचाभर पिठात लोह सारखंच निघालं पाहिजे. हे तपासायला ठिकठिकाणच्या बाटल्या उचलून पुन्हा पुन्हा मोजतात आणि बाटल्यांमधला फरक मोजणीच्या फरकात बुडतो का ते संख्याशास्त्रानं बघतात. किती पीठ घेतलं तर ते सगळ्या बाटलीचं प्रतिनिधी ठरतं, हेही ठरवावं लागतं. अर्धा ग्रॅम पुरतो की नाही, यावर दिवस जातात.

मग टिकाऊपणा. चरबी खवट होते, जिवाणू वाढतात. म्हणून बाटली नायट्रोजन वायूखाली बंद करतात आणि बरेचदा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. महाराष्ट्राला हे तंत्र परकं नाही. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं 'कृषक' विकिरण केंद्र २००२ पासून आहे, तत्त्व तेच. काही बाटल्या थंडीत ठेवतात, काही मुद्दाम उष्ण खोलीत, आणि महिन्यामहिन्यानं मोजतात. आमच्या उन्हाळ्यात पुसदचा पारा ४४-४५ ला टेकतो. कॅनडातल्या ओटावाहून निघालेल्या बाटलीची इथे येता येता काय अवस्था होईल, हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही.

शेवटी खरा आकडा ठरवायचा. तो एका पद्धतीनं ठरवत नाहीत. शक्य तिथे समस्थानिक मिसळून मोजतात: पिठात शिशाचा एक दुर्मीळ समस्थानिक नेमक्या वजनानं घालायचा, सगळं आम्लात विरघळवायचं आणि दोन समस्थानिकांचं गुणोत्तर बघायचं. वाटेत थोडं शिसं सांडलं तरी दोन्ही सारख्याच प्रमाणात सांडतात, गुणोत्तर हलत नाही. मला रसायनशास्त्रातल्या सगळ्यात प्रामाणिक युक्त्यांपैकी ही एक वाटते. सोबत दुसऱ्या तत्त्वावरची एखादी पद्धत, दुसऱ्या देशाच्या प्रयोगशाळा. या सगळ्यांचं मिळून प्रमाणपत्रावर मूल्य येतं आणि त्याच्यापुढे अधिक-वजा चिन्ह घालून अनिश्चितता. विद्यार्थी त्या अधिक-वजा चिन्हाला कमकुवतपणा समजतात. मी त्याला सचोटी समजतो. ज्या मीटरनं माझ्या मित्राचा कापूस ११ टक्के ठरवला, त्यावर असं चिन्ह असतं तर वाद निम्मा झाला असता.

हे सगळं दूरच्या प्रगत देशांचं काम आहे असं वाटत असेल तर २०१० आठवा. त्या वर्षी नाशिक-सांगलीकडची द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडकली. वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं हे रसायन निर्यातीपूर्वीच्या आपल्या तपासणीच्या यादीत नव्हतं, म्हणून इथे द्राक्ष स्वच्छ आणि तिथे दोषी. कंटेनर परत फिरले, बागायतदार कोसळले. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं त्यानंतर अवशेष-तपासणीचं काम ज्या निष्ठेनं वाढवलं, ते या क्षेत्रातलं महाराष्ट्राचं भांडवल आहे. किड्याच्या पिठातले कीटकनाशकाचे अंश शोधायला नवं यंत्र लागणार नाही. तेच यंत्र, तीच माणसं, फक्त द्राक्षाच्या पाण्याऐवजी अळीची चरबी. आणि ती चरबी पारखायला एक बाटली.

कीटकनाशकाचं नाव आलं की यवतमाळचा माणूस थबकतो. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात पडले. कापूस त्या वर्षी उंच वाढला होता, फवारा तोंडावर येत होता, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. ऑर्गनोफॉस्फेट गटाची औषधं किड्याच्या चेतासंस्थेतलं कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. तेच विकर माणसाच्या चेतापेशींतही असतं. औषधाला बोंडअळी आणि फवारणारा मजूर यांत फरक करता येत नाही. त्या वर्षी मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की किड्याच्या शरीरातलं रसायन आणि आमच्या शरीरातलं रसायन ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत.

खाद्य कीटकाचा धोकाही इथेच आहे. जंगलातली मुंगी बहुतेक वेळा फवारणीपासून दूर असते. पण पावसाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती येणारी पंखवाळवी, शेताच्या बांधावरचा नाकतोडा, फवारलेल्या शेतावरून आलेला टोळ यांचं तसं नाही. टोळधाडीत मारलेले टोळ खाऊ नयेत, असा इशारा जगभर दिला जातो तो यामुळेच. जड धातूंचंही तसंच. काळ्या सैनिक माशीची अळी खाद्यातलं कॅडमियम स्वतःत साठवते, पिवळी पिठअळी आर्सेनिक. कोणत्या कचऱ्यावर अळी पोसली, यावर तिचं पीठ अन्न की विष ते ठरतं. ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांना किडाही बहुधा सोसणार नाही, कारण दोघांत ट्रोपोमायोसिन नावाचं सारखंच प्रथिन आहे. डोळ्यांनी, वासानं, चवीनं यातलं काही कळत नाही. मोजूनच कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं की रातकिडा आणि पिठअळी यांच्या परदेशी बाटल्यांवर आपलं भागणार नाही. आपल्या बाटलीत आपला किडा हवा. पहिला उमेदवार मला रेशमाचा प्यूपा दिसतो. महाराष्ट्रात तुतीच्या रेशमाची शेती वाढते आहे, यवतमाळ जिल्ह्यातही तुती लागली आहे, जालन्याला कोषांची बाजारपेठ आहे. धागा काढल्यावर मागे राहिलेला किडा टाकाऊ ठरतो, क्वचित खाद्यात जातो. एकाच खोलीत, एकाच पाल्यावर वाढलेला असल्यानं त्याचं एकसारखं पीठ करणं सोपं. आणि एक गोष्ट रेशीम उत्पादकाला कुणी सांगायला नको: शेजारच्या कापसावरची फवारणी वाऱ्यानं तुतीवर आली की अळ्या तडफडून मरतात. फवारणीची इतकी हळवी साक्ष देणारे पाळीव प्राणी थोडेच. त्याच्या पिठातले अंश नेमके मोजता आले तर ते शेतकऱ्याच्या भांडणातही कामी येतील.

दुसरी बाटली लाल मुंगीची. ती कठीण आहे. मुंगी रानातली, ऋतूप्रमाणे, झाडाप्रमाणे बदलणारी. अंडी, कामकरी आणि पंखवाली यांचं प्रमाण दर घरट्यात वेगळं. शिवाय ती कुणाची आहे, हा प्रश्न आधी येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हापासून त्या जिल्ह्यात जंगलातल्या वस्तूबद्दल ग्रामसभेला विचारणं ही औपचारिकता राहिलेली नाही. जैवविविधता कायदा २००२ पासून आहेच. मुंगीच्या पिठाच्या बाटल्या भरायच्या तर ज्यांनी तिची चव जगाआधी ओळखली त्यांच्याशी बोलून, त्यांचं नाव प्रमाणपत्रावर घालून भराव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

देशात हे काम करणारे हात आहेत. एनपीएल 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नावानं आपल्या बाटल्या काढते. अतिशुद्ध सोन्याचं निर्देशक द्रव्य मुंबईच्या सरकारी टांकसाळीच्या सोबतीनं आलं. हैदराबादला भाभा अणुसंशोधन केंद्राचं पदार्थांच्या घटनेचं विश्लेषण करणारं केंद्र आहे. सोन्यासाठी जी काळजी घेतली ती मुंगीसाठी घ्यायला तांत्रिक अडचण नाही.

महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. संकरित ज्वारीचा त्यांनी ज्या हट्टानं प्रसार केला, त्याचे परिणाम चांगले-वाईट दोन्ही आम्ही पाहिले. दाण्याचं वजन वाढलं, दाण्यात काय उतरलं ते मोजायला आम्ही उशिरा शिकलो. किड्याच्या बाबतीत तो क्रम उलटा करता येईल, कारण इथे अजून कुठलीच लाट आलेली नाही.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिली तीन प्रकरणं मोजणी आणि साखळी यांवर, मधली पाच एकेका घटकावर: ओलावा, नायट्रोजन आणि प्रथिन, चरबी, धातू, कीटकनाशकं. शेवटच्या दोहोंत रेशमाच्या प्यूपाचं पीठ छोट्या प्रयोगशाळेत कसं करून बघता येईल त्याची कृती आहे. प्रमाणित बाटली त्यातून होणार नाही, पण महाविद्यालयाच्या दोन वर्गांना आपापसांत ताडून बघता येईल असं पीठ नक्की होईल.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी वाचकानं एक करून ठेवावं. घरातल्या डब्यातली तुरीची डाळ दळून तिचे तीन भाग करावेत आणि तीन वेगवेगळ्या माणसांना द्यावेत. प्रत्येकानं ५ ग्रॅम पीठ तोलून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावं, थंड करून पुन्हा तोलावं आणि ओलावा किती निघाला ते दुसऱ्याला न दाखवता कागदावर लिहावं. कागद घडी घालून याच पानात ठेवा. तिसऱ्या प्रकरणात ते तीन आकडे लागणार आहेत.

पुसद
१ जुलै, कृषी दिन